कोण म्हणतं कॅप्टन मयेकर शांत होते?

कॅप्टन मयेकर मालवणला वारले, ही बातमी मला इथल्या, सिंगापूरच्या, मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळली. खाली कोणीतरी लिहिलं होतं, 'शांत, हसतमुख, सगळ्यांना सांभाळून घेणारं व्यक्तिमत्त्व हरपलं.' त्याखाली जोडलेल्या हातांची ही लांबलचक रांग. मी ते वाचलं आणि मला असा संताप आला की फोन सोफ्यावर भिरकावला.

शांत? मयेकर?

ज्यांच्या आवाजाने तांजोंग पगारच्या आमच्या ऑफिसातल्या काचा थरथरायच्या ते? ज्यांच्यासमोर 'जरा सांभाळून घ्या' म्हणणारा माणूस पुन्हा त्यांच्या वाटेला जात नसे ते? माणूस मेला की त्याला धुऊन, इस्त्री करून घडी घालून ठेवायची ही कुठली रीत? मयेकरांचा राग ही त्यांच्यातली सगळ्यात खरी गोष्ट होती. तीच पुसून टाकली, तेही शोक करता करता. म्हणून हे लिहायला बसले.

मयेकर मूळचे मालवणचे. बरीच वर्षं मोठ्या मालवाहू जहाजांवर कॅप्टन होते, मग पाठीच्या दुखण्यामुळे समुद्र सोडून सिंगापूरला आले आणि जहाजांच्या अपघातांची चौकशी करणाऱ्या आमच्या छोट्या फर्ममध्ये लागले. कुठे जहाज खडकावर चढलं, कुठे दोन जहाजं एकमेकांवर आदळली, कुठे खलाशी टाकीत गुदमरून गेला, की आमचा फोन वाजायचा. मयेकर जाऊन चौकशी करायचे आणि त्यांचे अहवाल नीट इंग्रजीत बसवायचं काम माझं. मी पुण्याची. 'ए लेले, तुमच्या पुण्यात समुद्र नाही म्हणून तुम्ही वाक्यांत एवढं पाणी घालता काय गं?' हे त्यांचं मला उद्देशून पहिलं वाक्य.

जहाज जिथून चालवतात त्या खोलीत, म्हणजे ब्रिजवर, एक यंत्र असतं. तिथे बोललेला शब्द न् शब्द ते टिपून ठेवतं. अपघात झाला की मयेकर त्या यंत्रातला आवाज घेऊन बसायचे. कानाला हेडफोन, डोळे मिटलेले, पांढऱ्या शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत बंद. तोच तुकडा पुन्हा पुन्हा ऐकायचे. मध्येच म्हणायचे, 'हं. इथे हा खुर्चीतून उठला. म्हणजे तोवर बसला होता. आणि आपल्याला सांगतो की उभा राहून पाहत होतो!' टेबलावर थाप. मग समोर असेल त्याला, बहुधा मला, ऐकायला लावायचे. मला नुसती घरघर ऐकू यायची. त्यांना खुर्ची करकरल्याचंही ऐकू यायचं.

त्यांना भाषेतली एक गोष्ट सहन व्हायची नाही. अहवालात मी एकदा 'मार्ग बदलण्याचा निर्णय घेण्यात आला' अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य लिहिलं. त्यांनी कागद माझ्यासमोर आपटला.

'घेण्यात आला? कोणी घेतला?'

'सर, अहवालात असंच लिहितात.'

'तेच तर. निर्णय काय आपल्या पायांनी चालत ब्रिजवर आला? कोणीतरी घेतला ना? त्याला नाव आहे ना? आई-बापांनी ठेवलंय ना? मग लिही! सरकारी लोक असं लिहितात गं. करण्यात आले, देण्यात आले, आढळून आले. माणूस गायब. नुसतं काम हवेत तरंगतंय!'

त्या दिवसापासून माझ्या लिहिण्यातून 'करण्यात आले' गेलं ते गेलंच.

त्यांचा राग मी जवळून पाहिला तो एका मुलाखतीच्या वेळी. सामुद्रधुनीत एक जहाज गाळात रुतलं होतं. पहाऱ्यावरचा अधिकारी फिलिपिन्सचा एक तरुण होता, घाबरून पांढराफटक पडलेला. त्याच्या शेजारी कंपनीचा मोठा साहेब, महागड्या सुटातला. मयेकरांनी रेकॉर्डर टेबलावर ठेवला. प्रश्न कामाच्या तासांवर आले तसा साहेब गोड हसला आणि म्हणाला, 'कॅप्टन, हे जरा बंद करू या का? मोकळेपणाने बोलता येईल.'

मयेकर पुढे वाकले आणि रेकॉर्डरमध्ये, जणू बातम्या वाचताहेत अशा आवाजात, त्या साहेबाचं पूर्ण नाव आणि हुद्दा सांगून बोलले, 'या गृहस्थांनी आत्ता मला रेकॉर्डिंग बंद करायला सांगितलं आहे. मी नकार देतो आहे.' मग साहेबाकडे वळून म्हणाले, 'आता बोला मोकळेपणाने.'

साहेबाचा चेहरा पडला. तो पोरगा मात्र रडायला लागला आणि त्याने सगळं सांगितलं. त्याला झोपच मिळालेली नव्हती. कामाच्या तासांच्या नोंदी त्याच्याकडून खोट्या लिहून घेतल्या होत्या. बाहेर पडल्यावर लिफ्टमध्ये मयेकरांनी बटणावर मूठ आपटली. म्हणाले, 'मोकळेपणाने म्हणे! दार लावून जो बोलू पाहतो त्याला मोकळं नाही व्हायचं. त्याला सुटायचं असतं.'

असे हे मयेकर. बुकित बातोकला राहायचे, माझ्या घरापासून दोन ब्लॉक पलीकडे, म्हणून सकाळी एमआरटीत, इथल्या मेट्रोत, पुष्कळदा भेट व्हायची. डब्यात सगळे आपापल्या फोनमध्ये डोकं घालून गप्प आणि हे खणखणीत मालवणीत बायकोशी फोनवर, 'अगो, सुरमई फ्रीजरात ठेव, फ्रीजरात!' लोक वळून बघायचे. यांना सोयरसुतक नाही. त्यांच्या बायकोला, शोभाकाकूंना, मी एकदा विचारलं, 'काकू, घरीही असंच चिडतात का हो?' त्या म्हणाल्या, 'घरी जास्त. पण उगीच नाही चिडत गो. चिडले की बघायचं, कोणीतरी काहीतरी लपवलेलं असतं.'

आता सुहासबद्दल लिहायला हवं. इथून पुढे हात जड होतो.

सुहास हा त्यांचा धाकटा भाऊ, वयाने इतका लहान की मुलासारखाच. वडील लवकर वारले, तेव्हापासून मयेकरांनीच त्याला वाढवलं, शिकवलं. सुहासला लहानपणापासून मधुमेह. त्याला इंजेक्शन द्यायला मयेकर शिकले ते आधी स्वतःच्या मांडीत सुई टोचून. हा सुहास पुढे अमेरिकेत गेला आणि मधल्या भागातल्या एका राज्यात, छोट्याशा गावातल्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवू लागला. राज्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. बायको रेवती, एक मुलगी. मोठ्या भावाच्या अगदी उलट स्वभावाचा. एकदा सिंगापूरला आला होता तेव्हा मी भेटले. मयेकर टॅक्सीवाल्यावर ओरडत होते आणि हा मागच्या सीटवर मला हळूच म्हणाला, 'दादाचा आवाज ऐकला की मला बरं वाटतं. घरी आल्यासारखं.'

एका संध्याकाळी कॉलेजातून घरी येताना सुहासची साखर उतरली. त्याने शहाण्यासारखी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. गस्तीच्या पोलिसांना तो स्टिअरिंगवर मान टाकून बसलेला दिसला. बोलणं अडखळत होतं, पाय लटपटत होते. साखर उतरलेला माणूस नशेत असल्यासारखाच दिसतो. त्यांनी श्वास तपासला, त्यात दारू निघाली नाही, तेव्हा ते धरून चालले की नशेच्या गोळ्या घेतल्या असणार. त्याला जिल्ह्याच्या तुरुंगात नेलं आणि शुद्धीवर येईपर्यंत पडून राहू दे म्हणून एका कोठडीत टाकलं. सुहासच्या मनगटावर धातूची पट्टी होती. तिच्यावर ठळक अक्षरात लिहिलेलं होतं की या माणसाला मधुमेह आहे. सकाळी कोठडी उघडली तेव्हा तो गेलेला होता.

तुरुंगाच्या पत्रकात लिहिलं होतं, 'मृत अवस्थेत आढळून आला.'

मयेकर अमेरिकेला जाऊन अंत्यसंस्कार करून परत आले. इथल्या मराठी मंडळींनी एका कॉन्डोच्या हॉलमध्ये शोकसभा ठेवली. आले होते सगळे. आयटीतले, बँकांतले, बुकित तिमाहच्या बंगल्यांतलेही. एक ज्येष्ठ गृहस्थ बोलायला उभे राहिले. म्हणाले, 'ईश्वरेच्छा बलीयसी. त्याची वेळ आली होती. आपण कोण—'

मयेकर उठले. इतक्या मोठ्याने ओरडले की बाहेरच्या स्विमिंग पूलवरची मुलं थांबून आत बघायला लागली.

'देवाला मध्ये आणू नका! देवाने ते दार लावलं नव्हतं. दार दोन माणसांनी लावलं. त्यांना पगार मिळतो, गणवेश मिळतो, त्यांना नावं आहेत. त्याची वेळ आली नव्हती. त्याला साखर हवी होती, चमचाभर!'

मागून एक बाई कुजबुजल्या, 'धक्का बसलाय बिचाऱ्यांना.' धक्का! मला तेव्हाही त्या बाईंचा राग आला होता आणि आजही आहे. त्या हॉलमध्ये जे काही बोललं गेलं त्यातलं मयेकरांचं तेवढंच खरं होतं.

अमेरिकेतल्या वकीलबाईंनी खटपट करून कोठडीच्या कॅमेऱ्याचं चित्रण मिळवलं. त्यात फक्त चित्र होतं, आवाज नव्हता. कोठडीतले कॅमेरे आवाज टिपत नाहीत म्हणे. एका दुपारी मयेकरांनी ते ऑफिसात पाहिलं. मला बसायला सांगितलं, का ते ठाऊक नाही. कदाचित एकट्याने बघवणार नव्हतं.

राखाडी चित्र. सुहास भिंतीला धरून उठतो. दारापर्यंत जातो. दारात काचेची छोटी चौकट आहे. तिच्यावर तो तळहाताने थापा मारतो. पलीकडे एक चेहरा येतो. सुहास काहीतरी बोलतो, ओठ हलताना दिसतात. मग तो मनगट वर करतो आणि ती पट्टी काचेला लावून धरतो. धरूनच राहतो. पलीकडचा चेहरा बघतो. मग वळतो आणि निघून जातो.

मयेकरांनी ते मागे नेलं. पुन्हा पाहिलं. पुन्हा मागे नेलं. मग त्यांनी हेडफोन घातले, आवाज नाही हे माहीत असूनही, आणि डोळे मिटले. बऱ्याच वेळाने काढले. मालवणीत, जणू मला नाही तर कोणाला तरी तिसऱ्याला विचारावं तसं म्हणाले, 'तेचो आवाज खंय गेलो?'

त्याचा आवाज कुठे गेला. मी उठून खिडकीपाशी गेले. मला त्यांच्याकडे बघवेना.

त्या राज्यात अशा प्रकरणात आरोप ठेवायचा की नाही हे आधी ग्रँड ज्युरी ठरवते. म्हणजे काही सामान्य नागरिकांना बोलावून एका बंद खोलीत बसवतात. त्या खोलीत न्यायाधीश नसतो, मेलेल्याच्या बाजूचा वकील नसतो, प्रेक्षक नसतात, वार्ताहर नसतात. असतो फक्त जिल्ह्याचा सरकारी वकील. काय पुरावा दाखवायचा, कोणाला काय विचारायचं, सगळं तोच ठरवतो. आणि हा वकील रोज त्याच पोलिसांबरोबर, त्याच तुरुंगवाल्यांबरोबर काम करतो, त्यांच्या साक्षींवर त्याचे बाकीचे खटले उभे असतात. मयेकरांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, 'म्हणजे जहाज बुडवलं कंपनीने, आणि चौकशीला बसवला कंपनीचाच साहेब, दार लावून.'

रेवतीला त्या खोलीत साक्षीला बोलावलं होतं. सुहास घरी कसा होता, गोळ्या घ्यायचा का, चिडका होता का, असलं विचारलं आणि बाहेर पाठवलं. ते दोन तुरुंग कर्मचारीही आत जाऊन आले. काही दिवसांनी निकाल लागला की आरोप ठेवण्याजोगं काही नाही. कारण दिलं नाही. द्यावं लागत नाही.

मयेकरांचा एकच प्रश्न होता आणि तो मला आजही पुरेसा वाटतो. ते काचेवरचं मनगट त्या नागरिकांना दाखवलं का? त्या माणसाला कोणी विचारलं का, की तू पट्टी पाहिलीस, मग काय केलंस? विचारलं असेल आणि त्याने काही पटण्याजोगं सांगितलं असेल, तर तेही ऐकायची त्यांची तयारी होती. हे ते वारंवार म्हणत. 'दाखवा मला. मी आयुष्यभर माणसांची चूक आणि माणसांचा गुन्हा यांतला फरकच ऐकत आलोय. चूक असेल तर चूक म्हणेन. पण ऐकू तर द्या!'

महिनोन्महिने अर्ज चालले. मग एका सकाळी वकीलबाईंचा व्हिडिओ कॉल आला. मी शेजारच्या टेबलावर होते. त्या म्हणाल्या, 'कॅप्टन, मला उत्तर मिळालं. त्या खोलीतल्या कामकाजाचं रेकॉर्ड नाही.'

मयेकर म्हणाले, 'नाही म्हणजे देत नाहीत?'

'नाही म्हणजे केलेलंच नाही. या राज्यात रेकॉर्ड करायचं की नाही हे सरकारी वकिलाच्या मर्जीवर आहे. त्याने केलं नाही.'

'टंकून घेतलेलं?'

'नाही. काहीच नाही.'

मी वाट बघत होते की आता काचा थरथरतील. मयेकर फक्त 'थँक यू' म्हणाले, कॉल बंद केला, जागेवरून उठले आणि जिन्याने खाली उतरून गेले. लिफ्ट घेतली नाही. खूप वेळाने परत आले तेव्हा पांढरा शर्ट घामाने भिजून अंगाला चिकटला होता. त्या उन्हात भटकत राहिले होते, छत्री ऑफिसातच. माझ्यासमोर उभे राहिले.

'लेले, समुद्रात भंगारात काढायच्या लायकीचं जहाज असतं ना, त्याच्यावरसुद्धा आवाज टिपायचं यंत्र लागतं. कायदा आहे. यंत्र बंद ठेवलं तर कॅप्टनची चौकशी होते, कंपनी अडकते. इथे सिंगापुरात एखादा खलाशी पडून मेला तर त्या मृत्यूची चौकशी करणाऱ्या कोरोनरच्या कोर्टात मी जाऊन बसू शकतो, तू बसू शकतेस, तो खालचा चहावाला बसू शकतो. आणि तिकडे माझा भाऊ मेला, सरकारच्या कोठडीत मेला, त्याच्यावर काय बोलले याचा एक शब्द या पृथ्वीवर कुठे नाही. लपवला असता तर मी शोधला असता गं. शोधणं येतं मला. त्यांनी ठेवलाच नाही!'

रेवतीने तुरुंगावर भरपाईचा दिवाणी दावा केला होता, त्यात पुढे तडजोड झाली. रेवतीने सही केली. या प्रकरणावर जाहीरपणे बोलायचं नाही अशी त्यात अट होती. लोकांनी तिला नावं ठेवली, इथे बसून, कॉन्डोच्या हॉलमध्ये. मयेकरांनी चकार शब्द काढला नाही. एकाने त्यांच्यासमोर तिचा विषय काढला तेव्हा म्हणाले, 'ती पोर वाढवत्येय. तुम्ही काय वाढवताय?' आणि मला म्हणाले, 'तिने सही केल्येय. मी नाही केलेली. आता बोलायचं काम माझं.'

त्या राज्याच्या विधिमंडळात, अशाच काही घरांच्या रेट्यामुळे, एक विधेयक आलं. सरकारी नोकरावर आरोप असेल तर ग्रँड ज्युरीचं सगळं कामकाज रेकॉर्ड करायचं, आणि आरोप ठेवला नाही तर ते लोकांसाठी खुलं करायचं. समितीपुढे लोकांचं म्हणणं ऐकणार होते आणि परदेशातूनही बोलायची सोय होती. त्यांची संध्याकाळ म्हणजे आपली सकाळ. ऑफिसातल्या मीटिंग रूममध्ये मयेकर बसले. शोभाकाकू इडल्यांचा डबा घेऊन आल्या होत्या, तो कोणी उघडला नाही. मयेकर मला म्हणाले, 'आपला रेकॉर्डर लाव. त्यांच्यावर भरवसा नाही.'

प्रत्येकाला तीन मिनिटं. मयेकरांच्या आधी एक आमदार बोलला. ही गुप्तता साक्षीदारांच्या रक्षणासाठी आहे, अधिकाऱ्यांनाही बायकामुलं आहेत, असं त्याचं म्हणणं. मयेकरांचा हात टेबलावर मुठीत वळला. मग त्यांचं नाव पुकारलं.

मला वाटलं होतं ओरडतील. नाही ओरडले. रेकॉर्डरमध्ये त्या साहेबाचं नाव सांगितलं होतं ना, तसल्याच आवाजात बोलले. स्वतःचं नाव, हुद्दा, काम. मग म्हणाले, 'साक्षीदार भितो असं तुम्ही म्हणता. नाव झाका. जज्जाला वाटेल ते झाकू द्या. पण झाकायला आधी काहीतरी असावं लागतं. माझ्या भावाच्या बाबतीत तुम्ही झाकलेलं नाही, तुम्ही होऊच दिलेलं नाही. त्या दोन माणसांना बायकामुलं आहेत. मान्य. ते निर्दोष असतील तर आज त्यांच्याकडे ते सिद्ध करायलाही काही नाही. मी त्यांना खुनी म्हणतो, माझ्या घरातले म्हणतात, आणि ते खुनी नसतील तर हे कधीच पुसलं जाणार नाही. हे तुम्ही त्यांच्यासाठी केलंत?'

अध्यक्षबाई म्हणाल्या, 'थँक यू, सर, तुमची वेळ संपली.' मयेकर बोलतच होते. पडद्यावर त्यांच्या चौकटीत माइकवर लाल रेघ आली. पुढच्या माणसाचं नाव पुकारलं गेलं. मयेकर थांबेनात. सुहासच्या मनगटाचं सांगत होते, काचेचं सांगत होते.

शोभाकाकू हळूच म्हणाल्या, 'अहो, आवाज बंद केला त्यांनी तुमचा.'

'ठाऊक आहे मला.' त्यांनी मान वळवली नाही. 'लेले, आपला चालू आहे ना?'

'चालू आहे, सर.'

आणि त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं. सुहासने गाडी कडेला घेतली तिथपासून सकाळी दार उघडलं तिथपर्यंत. कर्मचाऱ्यांच्या नावांसकट. एकही 'आढळून आला' नाही. मग शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं आणि काकूंना म्हणाले, 'चल, खावया.'

कायदा झाला, पण वाटेत त्याचे दात काढले. रेकॉर्ड करायची सक्ती झाली. खुलं करायचं मात्र न्यायाधीशाच्या मर्जीवर. आणि मागच्या प्रकरणांना लागू नाही. लागू असता तरी काय, तिथे काही नव्हतंच. लोकांनी ग्रुपवर फुलं पाठवली, 'अभिनंदन कॅप्टन!' त्यांनी त्याखाली लिहिलं, 'अभिनंदन कसलं? माझा भाऊ परत बोलला काय?' आणि ग्रुप सोडला. आता श्रद्धांजली वाहणाऱ्यांपैकी कितीजणांना हे आठवतं कोण जाणे. शांत, हसतमुख म्हणे.

पुढे ते निवृत्त झाले. मालवणला परत जायचं ठरलं. निघायच्या आदल्या आठवड्यात मी सकाळी बुकित बातोकच्या आमच्या कॉफी शॉपमध्ये नारळाच्या जॅमचा काया टोस्ट घ्यायला गेले तर मयेकर कोपऱ्यातल्या टेबलावर. समोर बिनसाखरेची काळी कॉफी थंड झालेली. कानात हेडफोन, डोळे मिटलेले. मला वाटलं भजनं वगैरे ऐकत असतील, वय झालं.

जवळ गेले तसे डोळे उघडले. 'बस. हे ऐक.'

त्या नव्या कायद्याखाली एका न्यायाधीशाने पहिलं रेकॉर्डिंग खुलं केलं होतं. कोणा अनोळखी बाईचा मुलगा, त्याच राज्याच्या दुसऱ्या टोकाचा, पोलिसांच्या ताब्यात असताना मेलेला. कोणालाही ऐकता येत होतं. वकीलबाईंनी मयेकरांना कळवलं होतं आणि त्यांनी ते सगळं, तासन् तास, पहिल्यापासून ऐकायला घेतलं होतं. त्या मुलाशी यांचा काय संबंध? काही नाही. नावसुद्धा त्यांना नीट उच्चारता येत नव्हतं.

त्यांनी हेडफोन माझ्या कानाला लावला. एका खोलीतला घुमणारा आवाज. कोणीतरी खोकलं. सरकारी वकील विचारत होता, तुम्ही तेव्हा कुठे उभे होता? एक जड आवाज म्हणाला, दाराशी. ठीक आहे, वकील म्हणाला आणि भलत्याच विषयावर गेला.

मयेकरांनी हेडफोन खेचून काढला, स्वतःच्या कानाला लावला, तेवढाच तुकडा मागे नेऊन पुन्हा लावला, आणि त्यांचा चेहरा लाल होत गेला.

'दाराशी उभा होता म्हणतोय! अरे, मग आत काय दिसत होतं ते विचार ना! विचार, मेल्या, पुढचा प्रश्न विचार!'

सगळं कॉफी शॉप वळून बघायला लागलं. पलीकडच्या टेबलावरच्या म्हाताऱ्याच्या चॉपस्टिक्स अर्ध्या वाटेत थांबल्या. कॉफीवाली आँटी गल्ल्यावरून खास सिंगापुरी इंग्रजीत ओरडली, 'अंकल, डोन्ट शाउट लाह!'

'ही इज नॉट आस्किंग!' मयेकर तिच्यावर त्याहून मोठ्याने ओरडले. 'ही इज नॉट आस्किंग हिम!'

मग त्यांनी बोटाने आवाज पुन्हा मागे नेला, डोळे मिटले, आणि पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या त्या वकिलावर पुन्हा एकदा ओरडायच्या तयारीत ऐकत बसले.